तीन चिमण्यांचा चित्रकार

लबीब सिद्राक गेले तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. त्यातली अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्याच तीन चिमण्या काढल्या.

चिमण्या हलव्याच्या डब्यावरच्या. अलेक्झांड्रियाच्या करमूस भागातल्या कारखान्याचं नावच 'तीन चिमण्या'. तिळाचा हलवा घ्यायला आलेली माणसं दुकानदाराला पूर्ण नावही सांगत नाहीत, "चिमणीवाला दे" म्हणतात. आताचा मालक रऊफ, त्याच्या आजोबांनी कारखाना काढला तेव्हा डब्यावर नुसता शिक्का होता. एका फांदीवर ओळीने बसलेल्या तीन चिमण्या, तिन्ही एकसारख्या, तिन्हींची तोंडं एकाच दिशेला. लबीब कामाला लागले आणि त्यांनी एकीची मान वळवली.

"मी एवढंच केलं," ते सांगायचे. "एकीची मान वळवली. मग ती काय बघतेय ते काढावं लागलं. मग दुसरीला राग आला, तिसरीला भूक लागली. संपेचना."

त्याआधी ते सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. वडील ट्रामचे कंडक्टर. मुलगा शाळा सोडून शिडीवर चढला आणि नट्यांचे दोन-दोन मीटरचे गाल रंगवू लागला. पुढे छापील पोस्टरं आली आणि शिडीचं काम बंद पडलं. चौतिसाव्या वर्षी ते कारखान्यात आले. गोदामाशेजारी एक खोली मिळाली, उत्तरेकडे खिडकी असलेली. लग्न केलं नाही. बहीण एवलीन विधवा होऊन परत आली, ती आणि ते मुहर्रम बेक वस्तीत राहायचे. एवलीन म्हणायची, "घरात माझ्याशी चार शब्द बोलत नाही. त्या चिमण्यांशी दिवसभर बोलतो."

युम्ना कारखान्यात आली ती डब्यांवरचा मजकूर लिहायला. चोवीस वर्षांची होती. अरबी साहित्यात पदवी, पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी लबीबनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"अरे देवा. म्हणजे नोकरीची पंचाईत आणि लग्नाचीही."

"तुमचं कुठे झालंय?"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून ती त्यांना 'अम्म लबीब' म्हणू लागली. अम्म म्हणजे काका. कारखान्यात बाकीचे सगळे 'उस्ताद' म्हणायचे.

त्यांच्या खोलीत पुठ्ठ्याच्या पेट्या रचलेल्या होत्या. युम्नाने एक दिवस त्या उघडल्या. आत शेकडो चिमण्या होत्या. ट्रामच्या तारेवरच्या, मासेवाल्याच्या तराजूत बसलेल्या, न्हाव्याच्या आरशात स्वतःला बघणाऱ्या, वाळत घातलेल्या पायजम्याच्या खिशात झोपलेल्या. कारखान्याने यातल्या फार तर वीस वापरल्या होत्या.

त्याच सुमाराला कैरोच्या एका जाहिरात कंपनीने रऊफला नवं चिन्ह करून पाठवलं. तीन त्रिकोण. लबीबनी तो कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

"समोशांचा धंदा सुरू करताय का, रऊफसाहेब?"

रऊफ हसला नाही. तो पंचेचाळीस वर्षांचा, हिशोबी, नीटनेटका माणूस. त्याला माल आखाती देशांत पाठवायचा होता. तिकडच्या दुकानांत सगळे डबे गुळगुळीत असतात, असं तो म्हणायचा.

युम्ना त्याच्याकडे एकटी गेली. सोबत तिने पेटीतली चाळीस चित्रं नेली होती. ती टेबलावर मांडून ती म्हणाली, "त्रिकोण कोणीही काढेल. हे बघा. लोक डबा संपल्यावर फेकून देत नाहीत, त्यात बटणं ठेवतात. का ठेवतात? या चिमण्या फक्त डब्यावर का? ट्रकवर का नाहीत, पिशवीवर का नाहीत, दुकानदाराच्या पावतीवर का नाहीत? आपल्याकडे एक अख्खं गाव आहे आणि आपण त्यातल्या एकाच फांदीवर बसलोय."

रऊफने चित्रं चाळली. एका चित्रापाशी तो थांबला. चिमणी शाळेच्या फाटकावर उभी राहून रडत होती.

"एक वर्ष," तो म्हणाला. "एक वर्ष बघू. काही गडबड झाली तर त्रिकोण."

ते वर्ष लबीबच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. युम्नाने ते पाहिलं होतं, म्हणून तिला ते सांगता येतं. पहिला रंगवलेला ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा ते रस्त्यावर उभे होते. ट्रक वळला तरी उभे होते. मग म्हणाले, "डाव्या चिमणीचा पाय आखूड झालाय. कोणाला सांगू नकोस."

रमजानचा तक्ता हे त्यांचं खास काम. रमजानच्या आधी प्रत्येक दुकान, प्रत्येक कंपनी, निवडणुकीला उभा राहिलेला प्रत्येक इसम असा तक्ता छापून वाटतो. तीस दिवस, रोजच्या नमाजाच्या पाच वेळा, वर कोणाचं तरी नाव. बाकीच्यांच्या तक्त्यावर कंदील आणि घुमट असतो. 'तीन चिमण्यां'च्या तक्त्यावर तीस चौकोन असायचे आणि प्रत्येक चौकोनात चिमण्यांचा त्या दिवसाचा उद्योग. लोक तो फ्रीजला चिकटवायचे. मुलांनी पुढचे चौकोन बघू नयेत म्हणून काही आया त्यावर कागद लावायच्या.

आकडेही लबीब हातानेच लिहायचे. दर वर्षी ते हलव्याचा एक डबा घेऊन गल्लीतल्या मशिदीत जायचे आणि पायरीवर बसायचे. बांग देणारा शेख बय्यूमी वेळा वाचायचा, ते लिहायचे, मग ते वाचायचे आणि शेख तपासायचा.

"लबीब, अठ्ठावीस वर्षं वेळा लिहितोयस," शेख म्हणायचा. "आता एखादा रोजा तरी धर."

"आम्हा ख्रिस्त्यांचे ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस आधी तुम्ही धरा, शेखसाहेब. ना मांस, ना दूध, ना अंडं. मग बोलू."

"पंचावन्न? तुमचा देव फार कडक आहे बाबा."

"हलवा चालतो पण. तिळाचा असतो ना. म्हणून तर टिकलोय."

या वर्षी त्यांचे उपास आणि रमजान बरोबरच येत होते. लबीबना चालताना धाप लागत होती. ते भिंतीला हात टेकून उभे राहायचे आणि भिंतीवरचं काहीतरी वाचतोय असं दाखवायचे. मशिदीत जायचा दिवस आला तेव्हा युम्ना म्हणाली, "बसा तुम्ही, अम्म लबीब. आजकाल सगळं फोनवर मिळतं. मी काढून देते."

तिने पाच मिनिटांत कागद छापून आणला. लबीब पेनचं टोक पुसत होते.

"आपल्या अलेक्झांड्रियाच्याच ना वेळा?"

"हो, हो."

तिने नीट पाहिलं नव्हतं. ती तेव्हा ट्रकवरच्या मजकुराचा विचार करत होती. वेळा कैरोच्या होत्या.

कैरोत सूर्य पाच मिनिटं आधी मावळतो. तिथल्या वेळेने इथे रोजा सोडला तर तो दिवसाउजेडीच सोडल्यासारखं होतं. तो रोजा मग धरला जात नाही, पुढे कधीतरी पुन्हा करावा लागतो. हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

तक्ता घराघरांत गेला. पहिले काही दिवस कोणाच्या काही लक्षात आलं नाही. रोजा सोडताना कोण तक्ता बघतं? बांग ऐकू येते, समोरच्या घरातले चमचे ऐकू येतात. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, आपलं घड्याळ पुढे गेलंय.

रऊफच्या आईला बांग ऐकू येत नव्हती. हाज्जा निअमत, हज करून आलेली म्हणून हाज्जा, एकोणऐंशी वर्षांची, समुद्राकाठच्या अन्फूशीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. कानाचं यंत्र तिने टेबलाच्या खणात टाकून दिलं होतं. "त्यात समुद्र वाजतो," ती म्हणायची, "आणि समुद्र मला खिडकीतून फुकट दिसतो." तिच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर लबीबचा तक्ता होता. दर वर्षी असायचा. ती घड्याळ बघायची, तक्ता बघायची आणि खजूर तोंडात टाकायची.

दहाव्या दिवशी रऊफ आईकडे इफ्तारला गेला. दार उघडलं तेव्हा हाज्जाचं अर्धं सूप पिऊन झालं होतं, आणि बांग अजून व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफने तक्ता टेबलावर आपटला. लबीबना बोलावलं होतं, युम्नाला बोलावलं होतं, विक्री खात्यातले दोघे दाराशी उभे होते.

"दहा रोजे!" रऊफ म्हणाला. "माझ्या आईचे दहा रोजे. या वयात. आणि अजून किती घरांत असं झालं असेल? आमचं नाव आहे त्यावर, आमचं! या वेळा कोणी लिहिल्या?"

युम्नाला वाटलं, आता आपण बोलू. तोंडात शब्द होते. तिचाही रोजा होता.

"मी लिहिल्या," लबीब म्हणाले.

"तुम्ही शेखकडून घेता ना दर वर्षी?"

"या वर्षी गेलो नाही. पाय दुखत होते. वर्तमानपत्रातून घेतल्या. कैरोच्या आहेत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

दारातला एकजण हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आपल्या रोज्याचं त्याला काय?"

लबीबनी त्याच्याकडे पाहिलं नाही. रऊफनेही त्याला गप्प केलं नाही. तो थोडा वेळ तक्त्यावरच्या चौकोनांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, मी म्हटलं होतं, गडबड झाली तर त्रिकोण. ईदनंतर नवे डबे येतील. चिमण्या नकोत."

युम्ना लबीबच्या मागे त्यांच्या खोलीत गेली. ते खुर्चीवर बसले होते, श्वास घेत.

"मी आत्ता जाऊन सांगते."

"दार लाव आधी."

तिने दार लावलं.

"काय सांगशील? रोजे तू घालवलेस म्हणून? मला ते काय म्हणतील? ख्रिस्ती आहे, त्याला काय कळतंय. संपलं. माझ्यासाठी त्यांच्याकडे सबब तयार आहे, पोरी. तुझ्यासाठी नाही. तू त्यांच्यातली. तुला ते सोडणार नाहीत."

"पण चिमण्या? अठ्ठावीस वर्षांचं काम..."

"त्या काय उडून जाणार आहेत?" ते म्हणाले. मग त्यांना आपणच काय बोललो ते कळलं.

चष्मा पुसत म्हणाले, "तुझी पहिली नोकरी आहे. वडील आजारी आहेत. गप्प बस."

ती गप्प बसली. खोलीबाहेर पडताना तिला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तिला नंतर कधीच विसरता आलं नाही.

लबीबनी मात्र दुसऱ्या दिवसापासून वेगळंच काम काढलं. शेख बय्यूमीकडून बरोबर वेळा आणल्या. एक पांढऱ्या रंगाची बाटली, एक बारीक ब्रश आणि काळं पेन खिशात घातलं आणि दुकानं फिरायला लागले. किराणावाला, न्हावी, औषधाचं दुकान, ट्रामचा थांबा. तक्ता दिसला की विचारायचे, "जरा दुरुस्त करू का?" आणि उरलेल्या वीस दिवसांचा एकेक आकडा पांढरा करून वर नवा लिहायचे. शंभर आकडे. एका तक्त्याला चाळीस मिनिटं लागायची.

"उस्ताद, चिकटपट्टी लावून एक कागद डकवला तर?" एका किराणावाल्याने विचारलं.

"चित्र झाकलं जाईल."

"अहो, चित्र कोण बघतंय आता!"

"तुझा पोरगा बघतोय," लबीब म्हणाले. दुकानदाराचा मुलगा खरंच त्यांच्या कोपराशी उभा होता.

युम्ना संध्याकाळी त्यांच्यासोबत जायची. तिला आकडे लिहू देत नसत, ती फक्त तक्ता धरायची. रस्त्यात ते थांबायचे, भिंतीला हात टेकायचे. एकदा ती म्हणाली, "हजारो तक्ते आहेत, अम्म लबीब."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. आज सहा झाले."

चौदाव्या दिवशी ते अन्फूशीला गेले. युम्ना सोबत होती. तीन जिने चढायला त्यांना पाव तास लागला. हाज्जा निअमतने दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवले.

"लबीब! दहा रोजे खाल्लेस माझे!"

"माफी मागायला आलोय, हाज्जा."

"काय?"

"माफी!"

"माफी कसली! दहा दिवस मी देवासमोर उजेडात जेवले, एखाद्या गाढवीसारखी! तू आमच्या घरचं मीठ खाल्लंस, आणि एवढं साधं काम! म्हातारा झालास का रे? डोळे गेले का?"

"गेले असतील, हाज्जा."

"काय?"

"गेले असतील!" लबीब ओरडले आणि त्यांना खोकला आला.

हाज्जाने त्यांना बसवलं. त्यांचे उपास आहेत हे तिला माहीत होतं, म्हणून बिनदुधाचा चहा आणला, स्वतःचा रोजा असताना. लबीब स्वयंपाकघरात फ्रीजसमोर खुर्ची ओढून बसले आणि आकडे पांढरे करू लागले. हाज्जा त्यांच्या डोक्यावर उभी राहून बोलत राहिली. रऊफचे आजोबा असते तर काय म्हणाले असते, रऊफचे वडील असते तर काय म्हणाले असते. लबीब मान डोलवत होते. युम्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला दोनदा वाटलं, आता. दोन्ही वेळा लबीबनी मान न वळवता ब्रश उचलून तिला थांबवलं.

रमजानच्या बाविसाव्या दिवशी सकाळी लबीब सिद्राक गेले. बूट घालताना. एक पाय बुटात होता. एवलीनने आतून हाक मारली, ओ मिळाली नाही, म्हणून ती आली.

मुहर्रम बेकच्या चर्चमध्ये कारखान्यातले बरेच लोक आले होते. शेख बय्यूमी बाहेर फाटकाशी उभा होता, हातात माळ. रऊफही आला. शेवटपर्यंत उभा राहिला आणि एवलीनचा हात दोन्ही हातांत घेतला. तो वाईट माणूस नव्हता.

नंतर एवलीनने युम्नाला घरी नेलं. पलंगावर लबीबचा कोट होता, खिशातली बाटली फुटून अस्तर पांढरं झालं होतं. एवलीन ते नखाने खरवडत बसली.

"अठ्ठावीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता त्याचा," ती म्हणाली. "मी रोज विचार करते. असं कसं झालं गं? डोकं काम करत नव्हतं का त्याचं? मला कसं कळलं नाही? एका घरात राहून?"

युम्नाला तेव्हा कळलं की त्यांनी बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"मावशी..." ती म्हणाली.

"शेवटी म्हातारा झाला होता माझा भाऊ. आणि मी त्याला रोज बाजारात पाठवत होते."

युम्ना उठली आणि तिने पाणी आणून दिलं. त्याहून जास्त काही तिच्याने झालं नाही. घरी जाताना ती ट्रामचे दोन थांबे पुढे गेली आणि चालत परत आली.

ईद झाली. ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी नव्या डब्यांचे नमुने आले. तीन त्रिकोण, हिरव्यावर सोनेरी. युम्ना रऊफच्या खोलीत गेली आणि बसायला सांगायच्या आधीच बोलली. वेळा तिने काढल्या होत्या. लबीबनी विचारलं होतं. तिने हो म्हटलं होतं.

रऊफने पेन खाली ठेवलं.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"आणि आता?"

"आता सगळ्यांना कळायला हवं. दुकानदारांना, कारखान्यात. त्यांच्या बहिणीला. त्यांचा दोष नव्हता. आणि चिमण्या..."

"युम्ना." तो थकलेला दिसत होता. "डबे छापायला गेलेत. दुकानदारांना मी कळवलंय की चित्रकार बदलला, पुन्हा असं होणार नाही. प्रकरण मिटलं. आता मी काय सांगू? चित्रकार नव्हता, माझ्या ऑफिसातली मुलगी होती? लोक म्हणतील, यांच्याकडे रोज कोणीतरी नवा गुन्हेगार. आणि त्याला आता काय फरक पडतो? देव त्याला शांती देवो. तुझी नोकरी राहील. जा."

तिची नोकरी राहणार होती. हे ऐकायला ती आली नव्हती, पण हेच तिला मिळालं.

तिथून ती आधी एवलीनकडे गेली. सगळं सांगितलं. एवलीनने ऐकून घेतलं आणि दार बंद केलं. आपटलं नाही, हळूच लावलं, कडी घातली. युम्ना थोडा वेळ दारापाशी थांबली. आत एवलीन भावाला रागावत होती. "मला सांगायला काय झालं होतं तुला? मला?"

मग युम्ना ट्रामने अन्फूशीला गेली. संध्याकाळ होत आली होती. हाज्जा निअमतने दार उघडलं. गेलेले रोजे भरून काढायला तिने सुरुवात केली होती, त्या दिवशीही रोजा होता. ओठ कोरडे होते.

"रऊफने पाठवलं?"

"नाही. मला काही सांगायचंय, हाज्जा."

"काय?"

"सांगायचंय!"

"मग सांग की. आत ये."

युम्ना आत गेली नाही. आत गेलो तर पुन्हा चहाची चौकशी होईल, आणि आपण पुन्हा गप्प बसू, असं तिला वाटलं. ती दाराबाहेर जिन्यातच उभी राहिली.

"त्या वेळा लबीबनी काढल्या नव्हत्या. मी काढल्या होत्या."

"मोठ्याने बोल गं."

"वेळा मी दिल्या होत्या!"

"काय मेल्या होत्या?"

"दिल्या! मी! चूक माझी होती! लबीबची नाही!"

जिन्यात आवाज घुमला. खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ बारीक केला. हाज्जाने चौकटीला धरलं. तिला ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"त्याला माहीत होतं?"

"हो!"

"आणि तरी तो माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या शिव्या खात होता?"

"हो!"

"तू तिथे उभी होतीस."

युम्नाने होकारार्थी मान हलवली. याला ओरडायची गरज नव्हती.

हाज्जा दारातल्या स्टुलावर बसली. "आमच्या घरचं मीठ खाल्लंस म्हटलं मी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि बहिऱ्या माणसाचं स्वतःशी बोलणंही मोठ्यानेच असतं. "म्हातारा म्हटलं. डोळे गेले का म्हटलं. दहा रोजे मी धरीन, त्याचं काही नाही. देव मोजून घेईल. पण लबीबला जे बोलले ते कसं भरून काढू? त्याचा हिशोब कोणाकडे द्यायचा?"

मग हाज्जाने युम्नाकडे मान वळवली.

"आणि रऊफ काय म्हणाला?"

"प्रकरण मिटलं म्हणाला!"

"मिटलं." हाज्जाने तोंड वाकडं केलं. "त्याच्या बापाचंही सगळं असंच मिटायचं. मी सांगीन त्याला. ऐकणार नाही. डबे छापलेत, हो ना?"

"हो!"

"मग नाहीच ऐकणार."

वरच्या मजल्यावर दार उघडलं. एक बाई कठड्यावरून खाली वाकली, हातात पिठाची परात.

"काय झालं हो हाज्जा? कोण गेलं? कोण लबीब?"

हाज्जाला ते ऐकू आलं नाही. ती युम्नाकडे बघत होती. बाईच्या मागून तिची सासू आली. खालच्या मजल्यावरचा माणूस दोन पायऱ्या वर चढून उभा राहिला.

"कोण लबीब?" बाईने पुन्हा विचारलं. त्या घरात तक्ता असणार, डबाही असणार. त्यात बटणं असतील.

युम्नाने वर पाहिलं. "लबीब सिद्राक," ती म्हणाली, आणि हाज्जालाही कळावं म्हणून आवाज चढवला. "मुहर्रम बेकला राहायचे. आधी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे..."

तिला जेवढं माहीत होतं तेवढं तिने सांगितलं. ते फार नव्हतं. मध्येच संध्याकाळची बांग झाली. कोणीही लगेच घरात गेलं नाही.